ब्रोकोलीचं खत आणि समुद्रघोडा : मार मेनोरचं प्रकरण

समुद्रघोडा वाचवायचा म्हणजे तो पकडायचा नाही, विकायचा नाही, वाळवून शोकेसमध्ये ठेवायचा नाही, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. कायदेही त्याच दिशेने झाले. २००२ साली वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या साइट्स करारात समुद्रघोड्यांच्या साऱ्या जाती आल्या आणि मे २००४ पासून ते बंधन लागू झालं. भारताने तर २००१ मध्येच त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलं. युरोपातल्या दोन्ही जाती भूमध्य समुद्राविषयीच्या बार्सिलोना कराराच्या संरक्षित यादीत आहेत.

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, मुर्सिया प्रांतात, मार मेनोर नावाचं खाजण सरोवर आहे. तिथल्या समुद्रघोड्याला ही सगळी कागदोपत्री कवचं होती. शिवाय सरोवराला १९९४ पासून रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता होती. आणि तिथेच, फारसं कुणी हात न लावता, तो दिसेनासा होत गेला. हा प्राणी कुणी मारला, हे शोधायला निघालं की माणूस समुद्रावर न पोचता ब्रोकोलीच्या शेतात पोचतो. म्हणून हे प्रकरण नीट मांडून बघण्यासारखं वाटलं.

धाकटा समुद्र आणि थोरला समुद्र

'मार मेनोर' याचा अर्थच धाकटा समुद्र. बाहेरच्या भूमध्य समुद्राला तिथले लोक 'मार मायोर' म्हणतात, थोरला समुद्र. दोघांच्या मध्ये २२ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा आहे. त्याचं नाव ला मांगा, म्हणजे बाही. नकाशात बघितलं तर खरोखरच सदऱ्याची बाही वाऱ्यावर टाकल्यासारखी दिसते. आतलं पाणी सुमारे १३५ चौरस किलोमीटर, सरासरी खोली जेमतेम ४ मीटर आणि जास्तीत जास्त ७ च्या आसपास. ऊन कडक, पाऊस वर्षाला ३०० मिलिमीटरच्या घरात, आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. त्यामुळे आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा खारट.

दांड्यात मोजक्याच फटी. त्यातल्या उथळ फटींमध्ये वेताचे कूड रोवून मासे अडवायची जुनी पद्धत आहे, 'एन्कान्यिसादा' म्हणतात तिला. मासा प्रवाहाच्या नादात कुडाच्या चक्रव्यूहात शिरतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. कोकणातल्या खाडीत खांबांना डोल लावणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

भूमध्य समुद्रातलं गवत म्हटलं की पोसिडोनियाची नावाजलेली कुरणं आठवतात. लांब पट्टीसारखी पानं, वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरणारी मुळं, शेकडो वर्षांची जुनी बैठक. पण समुद्रघोड्याचा मुक्काम त्या घनदाट कुरणाच्या पोटात क्वचितच. त्याला विरळ गवत, कडा, मोकळ्या जागा आणि शांत पाणी मानवतं. मार मेनोरच्या आत पोसिडोनिया नव्हतंच. तिथलं गवत सायमोडोसिया, पानं अवघी दोन-चार मिलिमीटर रुंद आणि कमरेइतकीही उंची नाही. या जागेत लांब नाकाचा समुद्रघोडा, हिप्पोकॅम्पस गुटुलाटस, इतका रुळला की तो सरोवराची ओळखच बनला. डोक्यावर आणि पाठीवर लोंबणाऱ्या कातडीच्या झालरी, त्यामुळे आयाळ असल्यासारखा.

दोन बोटं रुंदीचं जग

जरा जवळून बघू. शेपटी एका पानाच्या बुंध्याला गुंडाळलेली. ही शेपटी गोल नसते, चौकोनी असते. हाडांच्या कड्या चौकटीसारख्या रचलेल्या, त्यामुळे पकड घट्ट बसते. पान हललं की घोडा हलतो. एक डोळा वर, दुसरा खाली, दोन्ही आपापल्या मर्जीने. समोरून मिठाच्या खड्याएवढा कोळंबीवर्गातला जीव येतो. घोडा काहीच करत नाही. मान किंचित, जवळजवळ आळसाने, त्याच्या दिशेने झुकते. मग नाक वर उसळतं आणि तो जीव आत ओढला जातो. सेकंदाचा शंभरावा भागही त्याला लागत नाही. दात नाहीत, जठर नाही. गिळलेलं अन्न आतड्यातून चटकन पुढे सरकतं, म्हणून दिवसभर हाच उद्योग.

पोहण्याच्या नावाने आनंद आहे. पाठीवरचा एवढासा पर भराभर फडफडवून तो कसाबसा सरकतो. या जातीचा वावर काही चौरस मीटरच्या, फार तर एखाद्या छोट्या खोलीएवढ्या तुकड्यात. आणि विण्याची जबाबदारी नराची: मादी अंडी त्याच्या पोटावरच्या पिशवीत सोडते, तो साधारण तीन आठवडे ती वागवतो आणि मग शेकडो इवलीशी पिल्लं पाण्यात फुंकल्यासारखी बाहेर टाकतो. त्यानंतर बापाचा काही संबंध नाही. पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात, मग तळाशी उतरून पकडायला काहीतरी शोधतात.

या वर्णनातले तीन मुद्दे पुढच्या गोष्टीत लागतील. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणजे पाणी स्वच्छ हवं. त्याला धरायला काहीतरी हवं. आणि संकट आलं तर त्याला पळता येत नाही.

पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर काय काय आलं

सरोवराच्या मागे कार्ताहेनाचं पठारी मैदान आहे. पूर्वी तिथे कोरडवाहू शेती होती. १९७९ मध्ये ताहो नदीचं पाणी सुमारे ३०० किलोमीटरच्या कालव्याने सेगुरा नदीच्या खोऱ्यात आलं आणि या मैदानाचं नशीब पालटलं. ब्रोकोली, लेट्यूस, आर्टिचोक, खरबूज. युरोपच्या हिवाळ्यातल्या ताटातला मोठा वाटा इथून जाऊ लागला. ज्यांनी उजनीचं किंवा कोयनेचं पाणी शिवारात आलेलं पाहिलंय, त्यांना तिथल्या शेतकऱ्याचा आनंद कळेल. मी त्याला खलनायक करणार नाही. त्याला पाणी मिळालं, बाजार मिळाला, सरकारने पाठ थोपटली.

कालव्याचं पाणी पुरेना तेव्हा जमिनीखालचं उपसलं. ते मचूळ, म्हणून शेतोशेती छोटे क्षार काढण्याचे संच बसले, त्यातले कित्येक विनापरवाना. संचातून गोडं पाणी पिकाला आणि उरलेलं, खतातल्या नायट्रेटने गच्च भरलेलं खारं पाणी कुठेतरी सोडून द्यायचं. ते कुठे गेलं, यावर २०१७ नंतर सरकारी वकिलांनी फौजदारी चौकशी लावली.

या भागात 'रांब्ला' असतात. एरवी कोरडाठाक, पाऊस झाला की धो धो वाहणारा ओढा म्हणजे रांब्ला. त्यातला सर्वांत मोठा अल्बुहोन. तो पावसाविना वाहायला लागला. बारमाही. कोरड्या मुलखातला ओढा उन्हाळ्यातही वाहतोय, हे खरं तर लखलखीत चिन्ह होतं. भूजलाची पातळी सिंचनाने वर आली होती आणि खतासकट सरोवरात झिरपत होती. २००१ मध्ये या मैदानाला नायट्रेटच्या दृष्टीने धोक्याचं क्षेत्र म्हणून घोषित केलं गेलं. घोषणा झाली, ओढा वाहतच राहिला.

त्याआधी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, दांड्यातली एल एस्तासियो ही फट बोटींसाठी रुंद आणि खोल केली गेली. थोरल्या समुद्राचं पाणी आत जास्त येऊ लागलं, खारटपणा उतरला आणि कॉलर्पा नावाचं हिरवं शैवाल तळावर गालिच्यासारखं पसरलं. सायमोडोसियाची बरीच जागा त्याने घेतली. समुद्रघोड्याला शैवालाचाही आधार चालतो, त्यामुळे वरवर पाहता काही बिघडलं नाही.

जेलीफिशने सांगितलेलं कुणी ऐकलं नाही

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. १९९०च्या दशकात सरोवरात जेलीफिशचं अमाप पीक आलं. पर्यटक वैतागले. किनाऱ्यांभोवती जाळ्या लावल्या, जेलीफिश काढून टाकायची मोहीम झाली. उपद्रव म्हणून त्यांच्याकडे बघितलं गेलं. प्रत्यक्षात ती खतावर वाढलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाऊन पाणी निवळ ठेवत होती. तळावरचं शैवाल उरलेलं नायट्रेट शोषत होतं. दोघांनी मिळून दोन दशकं बिल भरलं आणि सरोवर वरून निळंशार दिसत राहिलं.

निळं पाणी बघून सरोवराला काही झालंय, असं कुणी म्हणेना. अभ्यासक सांगत होते, अहवाल जात होते. पण हॉटेलच्या गच्चीवरून दिसणारा रंग अहवालापेक्षा बोलका असतो. घरातल्या बाईने निमूटपणे सगळा खर्च ओढत राहावं आणि घर उत्तम चाललंय असं पाहुण्यांनी म्हणावं, तसलाच हा प्रकार.

२०१५ च्या हिवाळ्यात ओढाताण संपली. सूक्ष्म वनस्पतिप्लवकाची वाढ कुणाच्याच आवरण्यापलीकडे गेली आणि २०१६ मध्ये पाणी वाटाण्याच्या सारासारखं झालं. लोकांनी त्याला 'हिरवं सूप' असंच नाव दिलं. गवताला जगायला पृष्ठभागावरच्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तळापर्यंत पोचावा लागतो. तो बंद झाला. किनाऱ्यालगतचं उथळ गवत तगलं. खोल भागातलं काळवंडून, कुजून गेलं. स्पेनच्या समुद्रविज्ञान संस्थेने तळावरच्या कुरणाचं नुकसान सुमारे ८५ टक्के असल्याचं सांगितलं.

समुद्रघोड्याच्या बाजूने बघा. समोर येणारं भक्ष्य दिसत नाही. शेपटी जिला धरायची ती काडी कुजून चिखलात मिसळली. आणि दोन मीटर खोलीवरचं गवत अजून हिरवं आहे हे त्याला कळण्याचा, कळलं तरी तिथवर जाण्याचा मार्ग नाही. त्याला कुणी मारलं नाही. त्याच्या खालची जमीन काढून घेतली.

(याच सुमारास बाहेरच्या भूमध्य समुद्रात एका परजीवीने हातभर लांबीचे पिन्ना शिंपले झपाट्याने मारले. मार मेनोरच्या जास्त खारट पाण्यात तो परजीवी नीट शिरू शकला नाही, म्हणून तिथले मूठभर शिंपले अमोल ठरले. पण त्यातले कितीतरी आधीच हिरव्या सूपाने मेले होते. दुर्दैवाची वेळ साधण्याची ही पद्धत लेखकाने गोष्टीत घातली असती तर अतिरेक वाटला असता.)

१२ ऑक्टोबर २०१९

२०१९ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सगळ्या रांब्लांनी माती, खत आणि गोडं पाणी सरोवरात ओतलं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगलं. खालचं खारं, जड पाणी झाकण लावलेल्या डब्यासारखं अडकलं. डब्यात २०१६ पासून कुजत असलेला पाला होताच. त्याने तळाचा प्राणवायू खाऊन संपवला.

महिनाभराने ते तळचं पाणी उत्तरेच्या किनाऱ्याशी वर आलं. सान पेद्रो देल पिनातारच्या विल्यानानितोस किनाऱ्यावर लोकांनी जे बघितलं त्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. घोट्याएवढ्या पाण्यात वाम, कोळंबी, खेकडे, छोटे मासे एकमेकांवर चढून कडेला लोटलेले, तोंडं पाण्याबाहेर. वाम तर चक्क वाळूवर येत होत्या. पोहणारे जीव धावत कडेपर्यंत आले आणि कडेला मेले. सुमारे तीन टन. जे पोहत नाहीत ते आहेत तिथेच राहिले, आणि चित्रफितीत दिसले नाहीत. समुद्रघोडा दुसऱ्या गटातला.

त्याच महिन्याच्या अखेरीस कार्ताहेनामध्ये ५० हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर उतरली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, या वेळी उन्हाच्या तडाख्यात, आणि पुन्हा टनांनी मासे वाहून आले. मग लोकांनी सरोवराच्या काठाने हातात हात धरून साखळी केली. पोस्टरांवर, सदऱ्यांवर, मुलांच्या गालांवर रंगवलेलं चित्र एकच: समुद्रघोडा.

सरोवर जेव्हा माणूस झालं

मुर्सिया विद्यापीठात कायद्याचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या तेरेसा विसेंते यांनी वेगळाच रस्ता काढला. आजवरचे कायदे सरोवराला वस्तू मानून त्याचं रक्षण करत होते. त्यांनी म्हटलं, त्यालाच हक्क असलेली व्यक्ती माना. स्पेनमध्ये नागरिकांना थेट संसदेत विधेयक नेता येतं, मात्र पाच लाख सह्या लागतात. महासाथीच्या काळात, मास्क लावून, त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ६ लाख ३९ हजारांहून जास्त सह्या जमवल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा झाला: मार मेनोर आणि त्याच्या खोऱ्याला कायदेशीर व्यक्तिमत्त्व. युरोपातली ही पहिली वेळ. २०२४ मध्ये विसेंते यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कायद्याला आव्हान देणारी याचिका स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने फेटाळली.

आपल्याला हे ऐकून गंगा-यमुना आठवणं साहजिक आहे. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्यांना जिवंत व्यक्ती ठरवलं आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. फरक असा, की गंगा-यमुनेबाबत तो न्यायालयाचा निकाल होता आणि स्पेनमध्ये संसदेचा कायदा. मार मेनोरच्या कायद्यात पालकत्वासाठी तीन मंडळं नेमण्याची तरतूद आहे, आणि कोणतीही व्यक्ती सरोवराच्या वतीने न्यायालयात जाऊ शकते. कुणाची जमीन बुडाली, कुणाचा धंदा बसला हे सिद्ध करायची गरज नाही. समुद्रघोडा गेल्याने कुणाचंच आर्थिक नुकसान झालेलं नसतं. जुन्या चौकटीत त्याच्या बाजूने उभं राहायला वादीच मिळत नव्हता. हा बदल मला छोटा वाटत नाही.

मग समुद्रघोड्याचं काय

पकडणं हे कारण कुठेच नसतं, असं मात्र या प्रकरणावरून म्हणता येणार नाही. पोर्तुगालच्या दक्षिणेला, अटलांटिकच्या बाजूला, रिया फोर्मोसा नावाचं असंच खाजण आहे. २००१-०२ मध्ये तिथे जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक आढळली होती. २००८-०९ मध्ये त्याच जागा पुन्हा मोजल्या तेव्हा लांब नाकाचा समुद्रघोडा ९४ टक्क्यांनी आणि आखूड नाकाचा ७३ टक्क्यांनी घटलेला निघाला. तिथे तळावर फिरणारी जाळी, बोटींचे नांगर आणि पुढे चोरटी पकड असे धागे सापडतात. तिथे काही ठिकाणी शेपटी अडकवायला कृत्रिम आधार बसवून बघितले आणि घोड्यांनी ते स्वीकारलेही. पाणी निवळ आहे तोवर दोरखंडाचा तुकडासुद्धा चालतो. मार मेनोरमध्ये तो उपाय दुय्यम ठरतो, कारण तिथे काडी नंतर गेली, उजेड आधी गेला.

मुर्सिया विद्यापीठाच्या मत्स्यालयात सरोवराच्या समुद्रघोड्यांची पैदास करण्याचे प्रयत्न झाले आहेत. काम चिकाटीचं. पिल्लांना पहिल्या दिवसापासून जिवंत खाद्य लागतं, तेही त्यांच्या नाकात मावेल इतकं बारीक. पिल्लं पृष्ठभागावर आली की हवा गिळतात, फुग्यासारखी तरंगत राहतात आणि खाली जाऊ न शकल्याने मरतात. म्हणून टाकीतला प्रवाह आणि दिवा कुठे ठेवायचा यावरसुद्धा डोकं चालवावं लागतं. सगळं जमलं तरी शेवटी प्रश्न उरतो, सोडायची कुठे?

माझं मत विचाराल तर समुद्रघोडा हे आंदोलनाचं चिन्ह म्हणून अप्रतिम आणि धोक्याची घंटा म्हणून कुचकामी निघाला. तो मुळात विरळ, रंगाने गवतात मिसळणारा, मोजायला अवघड. तो दिसेनासा झालाय हे निश्चित होईपर्यंत गवत गेलेलं असतं, आणि गवत गेल्याचं कळेपर्यंत उजेड. लक्ष ठेवायला हवं होतं ते अल्बुहोनच्या बारमाही धारेवर आणि जेलीफिशवर. ती दोन्ही सर्वांना दिसत होती, पोहायला जाणाऱ्या पोरांनासुद्धा.

आणि त्या धारेचं असं आहे, की उद्यापासून त्या मैदानात खताची एकही गोणी उघडली नाही तरी ती लगेच निर्धोक होत नाही. चाळीस वर्षांचं नायट्रेट भूजलात मुरलेलं आहे. ते आपल्या गतीने, पाऊस असो नसो, सरोवराकडे येतंय.